नव्या आवृत्तीचा खर्च कोणी सोसावयाचा?

परभणीचा माल मुंबईस पाठवावयाचा तर एके काळी तो मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. निजामाच्या अमदानीत गोदावरीच्या खोऱ्यातून घातलेला लोहमार्ग मीटरगेज होता आणि मनमाडपासून पुढे ब्रॉडगेज सुरू होत असे. रुळांमधील अंतराच्या या फरकापायी प्रत्येक पोत्यावर हमाली, विलंब आणि तूट यांचा बोजा पडे, व तो अखेरीस मराठवाड्यातील उत्पादकाच्याच माथी बसे. १९९०च्या दशकात या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. हे रूपांतर सुमारे शतकातून एकदा झाले, सर्वांस पूर्वसूचना देऊन झाले, आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीने उचलला. आज जिल्ह्याचा कारभार, शिक्षण आणि सुशिक्षित तरुणांचा रोजगार ज्या नव्या रुळांवरून धावू लागला आहे, ते संगणकीय रूळ मात्र वर्षातून दोनदाही बदलतात. या बदलाचा खर्च कोणी सोसावयाचा याचा विचार अद्याप कोणी गांभीर्याने केलेला दिसत नाही.

हे रूळ कोणते ते प्रथम पाहावयास हवे. संकेतस्थळ तयार करणारा प्रोग्रामर सारे काही मुळापासून लिहीत नाही. पानाची मांडणी, वापरणाऱ्याची ओळख पटविणे, माहितीच्या साठ्याशी देवाणघेवाण ही नेहमीची कामे करणारा तयार सांगाडा त्यास आयता मिळतो. त्यालाच फ्रेमवर्क म्हणतात. गूगलचे अँग्युलर, पीएचपी या भाषेवर उभारलेले लाराव्हेल, पायथनवर उभारलेले जँगो ही त्यांतील प्रचलित नावे होत. फेसबुकने २०१३ साली सर्वांस खुले केलेले रिॲक्टही याच कामी येते. यांतील प्रत्येक साधन विनामूल्य मिळते. जिंतूर किंवा गंगाखेडसारख्या गावी बसलेला तरुण, कॅलिफोर्नियातील बलाढ्य कंपनी जी हत्यारे वापरते तीच एक पैसाही न मोजता हाती घेऊ शकतो, ही गोष्ट आर्थिक समतेच्या दृष्टीने असामान्यच म्हटली पाहिजे. परंतु किंमत शून्य असणे आणि खर्च शून्य असणे या दोन निराळ्या बाबी आहेत. आरंभी न दिलेली रक्कम पुढे वेळ, शिक्षण आणि दुरुस्ती यांच्या रूपाने हप्त्याहप्त्याने चुकती करावी लागते.

तीन वर्षांत सहा आवृत्त्या

अँग्युलरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचे पहिले रूप, अँग्युलरजेएस, २०१० साली आले. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याची जागा घेणारी जी आवृत्ती निघाली, तिला सुधारणा म्हणणे कठीण होते. ती समूळ नवी रचना होती. जुन्या पद्धतीने लिहिलेले काम तिच्यात जसेच्या तसे चालत नसे, ते बहुतांशी पुन्हा लिहावे लागे. ३१ डिसेंबर २०२१ नंतर जुन्या रूपाचा अधिकृत पाठिंबाही संपला. दरम्यान नव्या रूपाची मोठी आवृत्ती साधारणतः दर सहा महिन्यांनी काढण्याचा आणि प्रत्येकीस अठरा महिने पाठिंबा देण्याचा प्रघात पडला. याचा हिशेब महाविद्यालयाच्या भाषेत मांडला तर असा होतो: पदवीच्या तीन वर्षांत सहा आवृत्त्या निघतात, आणि प्रथम वर्षाच्या आरंभी निघालेली आवृत्ती द्वितीय वर्षाच्या मध्यास निराधार होते.

अन्य साधनांची कथा याहून फार वेगळी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपीची सातवी आवृत्ती आली आणि माहितीसाठ्याशी जोडणी करून देणारी जुनी फंक्शने तिच्यातून काढून टाकण्यात आली. जी संकेतस्थळे त्यांवर विसंबून होती, ती नव्या आवृत्तीवर बंद पडणे अटळ होते. पायथनच्या चालकांनी अधिक सबुरी दाखविली. तिसरी आवृत्ती २००८ साली निघूनही दुसरीचा पाठिंबा त्यांनी १ जानेवारी २०२० पर्यंत चालू ठेवला. अकरा वर्षांची ही मुदत पाहता, बदल सावकाशीने करणे अशक्य असते असे कोणास म्हणता येणार नाही.

अर्थात आवृत्त्या निघूच नयेत असे म्हणणे शहाणपणाचे ठरणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातील एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात गंभीर छिद्र आढळले, तेव्हा ज्यांनी सुधारित आवृत्ती बसविण्यात दिरंगाई केली त्यांच्या यंत्रणा परक्यांच्या हाती जाण्याचा धोका जगभर निर्माण झाला. याउलट मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक घटक त्याच्या कर्त्याने सामायिक भांडारातून काढून घेतला आणि त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असणाऱ्या असंख्य प्रकल्पांची जुळणी ठप्प झाली. पहिल्या घटनेत न बदलणे घातक होते, दुसरीत दूरच्या माणसाने केलेला बदल. दोहोंचे तात्पर्य एकच, की या साधनांवर उभारलेली वास्तू बांधून पूर्ण झाली असे कधीच होत नसते.

येथे घसाऱ्याची परिचित कल्पना थोडी बदलून घ्यावी लागते. ट्रॅक्टर वापराने झिजतो. संगणकीय कार्यक्रम कितीही वेळा चालविला तरी झिजत नाही. त्याच्या भोवतालचे जग पुढे सरकते आणि म्हणून तो निकामी ठरतो. हीच गोष्ट तो लिहिणाऱ्याच्या ज्ञानासही लागू पडते. या घसाऱ्याचा वेग जे ठरवितात ते एका टोकास आहेत, आणि ज्यांना तो सोसावा लागतो ते दुसऱ्या.

भार नेमका कोणावर?

प्रथम विद्यार्थ्याचा विचार करावा. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. कोणत्याही विद्यापीठाचा अभ्यासक्रम समित्या, मंजुरी आणि पुस्तके या क्रमाने बदलतो, आणि ते योग्यही आहे. पण या संथपणाचे टोक काय असू शकते याचे उदाहरण देशाने पाहिले आहे. बोरलँड कंपनीने १९९०च्या सुमारास डॉससाठी काढलेले टर्बो सी++ हे साधन भारतातील कित्येक महाविद्यालयांत पुढे दोन दशकांहून अधिक काळ वापरात राहिले. सी++ या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ साली, म्हणजे त्या साधनानंतर, निश्चित झाले होते. असे शिक्षण घेऊन पुण्याच्या हिंजवडीत मुलाखतीस जाणाऱ्या मुलास आपल्या पदवीचा उपयोग कितपत, हे तेथेच कळते. मग खासगी वर्गाची फी, शहरातील खोलीचे भाडे आणि कमाईविना गेलेले महिने यांचा भार सोयाबीन-कापसावर जगणाऱ्या कुटुंबावर पडतो. नव्या आवृत्तीच्या हिशेबात हा खर्च कोठेही लिहिला जात नाही.

दुसरा भार लहान व्यावसायिकावर पडतो. समजा, तालुक्याच्या गावातील एका तरुणाने स्थानिक पतसंस्थेचे संकेतस्थळ ठरावीक रकमेत करून दिले. चार वर्षांनी, ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते ठेवले आहे तिने भाषेची आवृत्ती बदलली आणि संकेतस्थळ बंद पडले. पतसंस्था म्हणते, काम आम्ही एकदाच विकत घेतले; तरुण म्हणतो, दोष माझा नव्हे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मोठी कंपनी अशा कामासाठी स्वतंत्र माणसे नेमते आणि त्यांचा पगार लक्षावधी ग्राहकांवर विभागते. एकट्या माणसास ही सोय नाही. सबब, समान हत्यारे हाती असूनही त्यांना धार लावण्याचा दरडोई खर्च लहानास अधिक आणि मोठ्यास कमी पडतो.

तिसरा भार शासकीय सेवांच्या मार्गाने थेट शेतकऱ्यापर्यंत पोचतो. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिच्या ॲपची दुसरी आवृत्ती आली. नोंद अठ्ठेचाळीस तासांच्या आत दुरुस्त करण्याची मुभा तीत होती. सुधारणा स्वागतार्हच होती. शिवाय गूगलच्या प्ले स्टोअरने २०१८ पासून असा नियम केला आहे, की नवे ॲप आणि जुन्या ॲपची सुधारित आवृत्ती ही अँड्रॉइडच्या अलीकडील आवृत्तीस अनुरूपच असली पाहिजे, आणि ही अट वर्षागणिक पुढे सरकते. म्हणजे शासनास काही बदलावयाचे नसले तरी ॲप बदलत राहणे भाग आहे. ज्याचा फोन जुना आणि ज्याच्या शिवारात नेटवर्क क्षीण, त्याला प्रत्येक आवृत्ती ही नवी पायरी होऊन बसते. पीकविमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी या बाबी पिकाच्या नोंदीशी निगडित असल्याने ही पायरी चुकली तर नुकसान रुपयांत होते.

यावर असे सांगितले जाईल, की जुने मोडून नवे येणे हा प्रगतीचा स्वभावच आहे. शुम्पीटर या अर्थशास्त्रज्ञाने १९४२ साली या ‘सर्जक विनाशा’चे विवेचन करून ठेवले आहे. ते मान्य करूनही एक प्रश्न उरतो. सर्जनाचा लाभ ज्यांच्या पदरी पडतो तेच विनाशाचा खर्चही सोसतात काय? सोसत नसतील, तर बाजार आपोआप योग्य गती साधील हा भरवसा फोल ठरतो. कारण गती ठरविणाऱ्यास तिची पूर्ण किंमत मोजावीच लागत नाही. अशा वेळी सामायिक व्यवस्था उभी करणे, हाच अर्थशास्त्रास ठाऊक असलेला जुना उपाय होय.

सामायिक व्यवस्थेचे मार्ग

असे उपाय अशक्य नाहीत, हे एका उदाहरणाने दाखविता येते. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळ निराळे घडविले जाई. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एकच सुरक्षित चौकट तयार केली आणि देशभरातील जिल्ह्यांची संकेतस्थळे तीवर आणली. परभणी जिल्ह्याचे संकेतस्थळही त्यांपैकीच. चौकटीची आवृत्ती आता एके ठिकाणी बदलते आणि तो खर्च सर्वांत विभागला जातो. पतसंस्था, बाजार समित्या, नगरपरिषदा आणि शाळा यांच्यासाठी राज्य पातळीवर अशीच सामायिक चौकट का असू नये? ज्या कामांसाठी स्वतंत्र कंत्राट अटळ असेल, तेथे उभारणीच्या रकमेसोबत दर वर्षाच्या देखभालीचे वेगळे शीर्ष असावे, आणि वापरलेल्या घटकांची आवृत्तींसह यादी कार्यालयाच्या ताब्यात द्यावी. जायकवाडीचा पैठण डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. वितरिकांच्या डागडुजीत हयगय झाली की पाणी पहिल्यांदा कोणाचे तुटते, हे परभणीच्या टोकावरील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. संगणकीय कालव्याचाही न्याय तोच आहे.

शिक्षणाबाबत मात्र आवृत्तींच्या मागे धावणे हा उपाय नव्हे. जगातील पहिले वेब पान १९९१ सालचे आहे आणि त्याचा मजकूर आजच्या ब्राउझरमध्येही उघडतो. एचटीएमएल, १९९५ साली जन्मलेली जावास्क्रिप्ट आणि माहितीसाठ्यांची एसक्यूएल ही भाषा यांचा पाया दीर्घकाळ टिकून आहे; वरचे सांगाडे तेवढे बदलत राहतात. यास्तव विद्यार्थ्यास पाया पक्का करून द्यावा, आणि त्याचबरोबर प्रात्यक्षिकात पाच वर्षांपूर्वीचे एखादे काम हाती देऊन ते चालू आवृत्तीवर आणावयास सांगावे. कोणते मोडले, का मोडले आणि कसे सावरले हे ज्यास लिहून दाखविता येईल, त्यास पुढील प्रत्येक आवृत्ती स्वतःच्या बळावर शिकता येईल. आवृत्तीबदलाची मार्गदर्शिका बहुधा इंग्रजीत असते. महत्त्वाच्या साधनांपुरती ती मराठीत सत्वर उपलब्ध करणे हे काम विद्यापीठांनी अंगावर घ्यावयास हरकत नाही.

अखेरचा मुद्दा निर्णयातील सहभागाचा. ही साधने केवळ परदेशातच घडतात असे नाही. ऋषभ मेहता यांनी मुंबईत सुरू केलेल्या कंपनीचे फ्रापे हे फ्रेमवर्क खुले असून, त्यावर उभारलेली ईआरपीनेक्स्ट ही हिशेब व व्यवस्थापनाची प्रणाली अनेक देशांत वापरली जाते. खुल्या साधनाचा उगम-मजकूर कोणासही वाचता येतो, त्यातील दोष दाखविता येतो आणि दुरुस्ती सुचविता येते. परभणीतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी अशा एखाद्या साधनाच्या देखभालीत नियमित हातभार लावला, तर पुढील आवृत्तीत काय राहावे आणि काय जावे या चर्चेत जिल्ह्याचाही एक आवाज असेल. रूळ बदलणार हे निश्चित आहे. हमालीचा बोजा पुन्हा मराठवाड्याच्याच पाठीवर ठेवावयाचा की नाही, एवढाच निर्णय शासनाने, विद्यापीठाने आणि संस्थाचालकांनी करावयाचा आहे, आणि तो पुढील अंदाजपत्रकातील तरतुदींतून दिसला पाहिजे.