पहिला वॅट

आमच्या वढू बुद्रुकमध्ये अ‍ॅम्प्लिफायर ही वस्तू कुणाला नवी नाही. हरिनाम सप्ताहाला मंडपवाला आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येतो, झाडाला कर्णे बांधतो आणि पहाटेची काकड आरती शिवारभर पोचवतो. फाल्गुन अमावस्येला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला गावोगावची माणसे लोटतात, तेव्हाही मागे उभ्या असलेल्याला ऐकू जावे म्हणून हेच यंत्र राबते. लग्नाच्या वरातीत त्याचा थोरला भाऊ येतो. त्याला सारा पश्चिम महाराष्ट्र 'डॉल्बी' म्हणतो. त्यामुळे बँकेतून निवृत्त झाल्यावर मी बैठकीच्या खोलीत एक भारी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणून ठेवला, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलेला पहिला प्रश्न साहजिकच होता, "किती लांब ऐकू जातो?"

उत्तराने त्यांची निराशा झाली. दोन मोटारसायकलींच्या किमतीचे हे यंत्र अंगणातसुद्धा धड ऐकू येत नाही!

याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात, कारण दोन वेगळी कामे एकाच पेटीत होतात. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा संदेश व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढा नाजूक असतो. पहिला भाग त्याला सावरून घेतो आणि दुसरा त्याच्या हुकमाने स्पीकर हलवतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे, तर संदेश म्हणजे खातेदाराची स्लिपवरची सही. सही काही खिडकीतून बाहेर जात नाही. बाहेर जाते ती तिजोरीतली रोकड, पण जाते सहीबरहुकूम. अ‍ॅम्प्लिफायरची तिजोरी म्हणजे घरातली वीज. ट्रान्सफॉर्मर ती आत घेतो, कपॅसिटर ती हाताशी ठेवतात. तबल्यावर अचानक थाप पडली आणि गल्ल्यात रोकड कमी असली, की ती थाप बोथट होते. भारी यंत्राचे वजन आणि किंमत पुष्कळशी या तिजोरीपायीच वाढते.

वॅटचा हिशेब मात्र बँकेच्या व्याजाहून विचित्र आहे. आवाज आपल्या कानाला दुप्पट वाटायला ताकद दुप्पट करून भागत नाही, सुमारे दहापट करावी लागते. म्हणजे १०० वॅटचे यंत्र १ वॅटच्या तुलनेत कानाला फार तर चौपट मोठे! खोलीत निवांत गाणे ऐकताना तर सरासरी एक वॅटही पुरतो. १९७८ साली एनएडी कंपनीने '३०२०' नावाचा साधा, स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर काढला. कागदावर त्याची ताकद चॅनेलमागे २० वॅट. तरी तो जगभर गाजला. खरी परीक्षा असते ती पहिल्या वॅटची. तंबोऱ्याची जवारी, बायाँची मींड, तान घेण्याआधी गायकाने घेतलेला श्वास, कुमार गंधर्व दोन स्वरांमध्ये सोडत ती मोकळी जागा, हे सगळे त्या पहिल्या वॅटच्याही एका कोपऱ्यात राहते. पुण्यात नोकरीला असताना कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांच्या दुकानातून आणलेल्या कॅसेटींत हे सारे होतेच. घरच्या टेपरेकॉर्डरने ते कधी सांगितले नव्हते, एवढेच.

अशा यंत्राबरोबर संसार करणे मात्र सोपे नाही. गावाकडे विजेचा दाब एका जागी बसत नाही, म्हणून त्याच्या दिमतीला स्टॅबिलायझर लागतो. अंग कायम कोमट, म्हणून पावसाळ्यात पाली त्याच्याकडे ओढ घेतात. सौ.ने कौतुकाने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. उष्णता निघायच्या फटी बंद होतात हे पटवून द्यायला मला आठवडा लागला. तो रुमाल आता स्टॅबिलायझरवर आहे.

संध्याकाळी शेजारच्या घरातून दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, येऊन बसतात. त्यांनी तीस वर्षे पिठाची गिरणी चालवली. जात्याच्या घरघरीने आणि पट्ट्याच्या फटफटीने त्यांचे कान नेले. अशा गोंगाटाने आधी जाते ती वरची पट्टी, चार हजार हर्ट्झच्या आसपासची. स, श, फ ही अक्षरे पुसट होतात. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. दादांच्या कानामागेही आता एक यंत्र आहे, म्हणजे तोही एक अ‍ॅम्प्लिफायरच. एकदा मी त्यांच्यासाठी आवाज वाढवायला गेलो, तर ते म्हणाले, "राहू दे रे. वाढवून आवाज पोचतो, शब्द नाही पोचत." त्यांना खर्जाचा तंबोरा लागतो, बायाँ लागतो. गाणे संपल्यावर ते मला विचारतात, "शेवटी काय म्हणाला?" आणि मी त्यांच्या कानाशी ओळ म्हणतो.

कानांचाही एक हिशेब आहे आणि तो कडक आहे. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, ही कामगारांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. वरातीत डॉल्बीच्या भिंतीसमोर पोरे दोन-दोन तास नाचतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. नियम सर्वांना पाठ आहेत. पण छातीत धडधडले नाही तर लग्न लागल्यासारखे वाटत नाही, असे पोरे म्हणतात, आणि त्यांचा आनंद खोटा नसतो. गिरणीत दादा पोटासाठी उभे होते, ही पोरे हौसेने उभी राहतात. कानाला हा फरक कळत नाही.

दादांच्या नातवाचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. सनई-चौघडा आणि ढोल चालेल, डॉल्बी नको, असे दादांनी बजावले आहे. नातू रुसला आहे. सुनेने तूर्त दोघांनाही होकार देऊन ठेवला आहे. परवा नातू माझ्याकडे आला, आजोबांना समजवा म्हणून. मी त्याला बसवला, आवाज नेहमीच्याच ठिकाणी ठेवला आणि एक विलंबित ख्याल लावला. दहा मिनिटे त्याने मोबाइलकडे पाहिले नाही. मग म्हणाला, "काका-आजोबा, हे छान आहे, पण यावर नाचता येत नाही."

बरोबरच आहे त्याचे. बोलणी चालू आहेत.