डिस्कची आतली बाजू

ब्रिटनमधल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या जाहिरातींत काही ओळी हमखास भेटतात. मालक एकच, गाडी फार चाललेली नाही, फक्त उन्हाळ्यात बाहेर काढलेली, हिवाळाभर गॅरेजात. २००५ साली आलेल्या पोर्शे केमनची पहिली पिढी किंवा तिची उघड्या टपाची बहीण बॉक्स्टर तिथे आज नव्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी पैशांत मिळते. अशा जाहिरातीला माणूस भुलला तर नवल नाही. गाडीच्या रंगाला आणि आतल्या चामड्याला गॅरेजातला मुक्काम मानवतोही. ब्रेकच्या डिस्कचे गणित मात्र उलटे आहे. तिला रोजचे काम हवे असते.

कारण तिच्या धातूत आहे. बहुतेक गाड्यांच्या डिस्क बिडाच्या असतात. बीड स्वस्त, ओतायला सोपे, त्यातल्या ग्रॅफाइटमुळे उष्णता झटकन पसरवणारे आणि कंप गिळणारे. पण ते गंजतेही तितक्याच तत्परतेने. बिडाचा तवा धुऊन तेल न लावता ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो, तसाच पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवरही दिसतो. हा थर निरुपद्रवी असतो. दोन-चार वेळा ब्रेक दाबला की पॅड तो खरवडून टाकतात. मोटरसायकलच्या डिस्कवर असे काही दिसत नाही, कारण ती सहसा स्टेनलेस स्टीलची असते. कारला ते परवडत नाही. वजन जास्त, म्हणून थांबताना निर्माण होणारी उष्णताही जास्त, आणि स्टेनलेस स्टील उष्णता वाहून न्यायला बिडाच्या मानाने बरेच मंद.

शिवाय डिस्क उघडी असते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण जगाचे लक्ष खऱ्या अर्थाने गेले ते १९५३ साली, जेव्हा डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. बंद डब्यातला ड्रम ब्रेक तापला की त्याची पकड सैल पडे, उघडी डिस्क वाऱ्याने गार होत राही. वारा येतो तिथे पाणीही येते, ही त्या फायद्याची किंमत. आज इलेक्ट्रिक गाड्या बराचसा वेग मोटरच्या साहाय्यानेच कमी करतात, डिस्कला काम उरत नाही आणि ती गंजते. म्हणून फोक्सवॅगनने आयडी.३ च्या मागच्या चाकांना चक्क पुन्हा ड्रम बसवले.

ब्रिटनमध्ये पाण्याच्या जोडीला मीठ आहे. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिथल्या पालिका खनिज मीठ पसरतात. त्यातले बरेचसे चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येते, आणि तिथे १८४४ साली मिठाचे काम सुरू झाले. मीठ ओल धरून ठेवते आणि लोखंड गंजण्याची क्रिया भराभर पुढे नेते. हिवाळ्यात एकदाच बाहेर काढलेली, घरी आणून धुतलेली आणि ओल्या ब्रेकांनिशी महिनाभर झाकून ठेवलेली गाडी रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीपेक्षा या बाबतीत वाईट अवस्थेत असू शकते. रोजच्या गाडीची डिस्क निदान रोज घासून तरी निघते.

घासणे थांबले की गंज डिस्कच्या कडांवरून मधल्या भागाकडे सरकतो. खडबडीत झालेल्या पट्ट्यावर पॅड झिजतो, त्यात चर पडते, आणि मग तो भाग पॅडच्या नीट पकडीत येतच नाही. तिथला गंज आता कुणी खरवडणार नसते. पट्टा रुंदावतो, काम करणारा भाग अरुंद होतो, ब्रेकची ताकद तेवढ्यापुरती घटते.

यातली खरी मेख अशी की हे सगळे आधी घडते ते आतल्या बाजूला. अलॉय चाकाच्या आऱ्यांमधून दिसते ती डिस्कची बाहेरची बाजू, आणि गिऱ्हाईकही तीच पाहते. आतल्या बाजूला पत्र्याची पातळ ढाल असते. ढाल आणि डिस्क यांच्या फटीत चिखल, मीठ, ओल साचते. तिथे वारा कमी खेळतो आणि गाडी धुणाऱ्याच्या पाइपाची धारही पोचत नाही. केमन आणि बॉक्स्टरच्या बाबतीत ही तक्रार जुनी आहे: बाहेरून लखलखीत, आतून खवले निघालेली डिस्क. त्यातही मागच्या चाकांच्या डिस्क आधी बघाव्यात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागच्या ब्रेकांच्या वाट्याला काम कमी येते.

बघायचे कसे? सर्वांत चांगले म्हणजे गाडी लिफ्टवर चढवून, चाके काढून. विकणारा तेवढे करू देत नसेल तर छोटी टॉर्च आणि काडीला लावलेला आरसा पुरतो. मोबाइलचा कॅमेरा चाकामागे सरकवून काढलेला व्हिडिओसुद्धा बरेच काही सांगतो. एकसारखी तांबूस झाक चालेल. काळपट, खोल खड्डे, सुटत आलेले पापुद्रे, पॅड टेकतो त्या भागात गंजाचे वर्तुळ, हे चालणार नाही. डिस्कला भोके असतील तर ती गंजाने आणि पॅडच्या भुकटीने बुजली आहेत का, तेही पाहावे. डिस्कच्या दोन तबकड्यांमध्ये हवा खेळावी म्हणून पोकळ पन्हळी असतात, त्याही आतून गंजतात. तिकडे सहसा कोणी बघत नाही.

मग जाडी. पहिल्या पिढीच्या केमन एसची पुढची डिस्क नवी असताना २८ मिमी जाड असते आणि २६ मिमीवर ती बाद होते. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. म्हणजे दोन्ही बाजू मिळून झिजायला जागा फक्त २ मिमी, म्हणून गंजलेली डिस्क लेथवर घासून घेण्याचा आपल्याकडचा लाडका उपाय इथे फारसा कामाचा नाही. साधा व्हर्नियर लावून मोजणारे एक चूक करतात. डिस्कच्या कडेला न झिजलेली उंच किनार उरते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि झिजलेली डिस्क कागदावर तरुण ठरते. मोजायची ती किनारीच्या आत.

गाडी चालवून पाहताना रस्ता रिकामा हवा. एकदम जोरात ब्रेक मारण्यात अर्थ नाही. मध्यम वेगावरून हलका, लांबवलेला ब्रेक दाबावा. सुरुवातीची खरखर दोन-तीन ब्रेकांत विरली तर ठीक. पाय टेकलेले पेडल ठोके देत असेल, स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नाही. हा फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा असला तरी पायाला कळतो. नंतर उतरून चाकांजवळ हात न्यावा, टेकवू मात्र नये. एकच चाक जास्त तापले असेल तर पॅड अडकत आहे. पोर्शेच्या ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये पॅड ज्यावर सरकतात त्या स्टीलच्या पट्ट्यांखाली ॲल्युमिनियम गंजून फुगते, पट्ट्या उचलल्या जातात आणि पॅड चिमटीत सापडतो. अशा वेळी नुसती डिस्क बदलून भागत नाही.

ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकाला आणखी एक सोय आहे, आणि ती न वापरणे म्हणजे आळस. तिथे तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि तिचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कोणालाही फुकट वाचता येतो. डिस्क झिजली आहे, तिला खड्डे पडले आहेत, पण ती अजून धोकादायक झालेली नाही, अशा अर्थाचा शेरा तिथे नेहमी दिसतो. तोच शेरा सलग तीन वर्षे दिसला तर मालकाने काय केले ते उघड आहे. प्रत्येक तपासणीच्या वेळचे मायलेजही नोंदलेले असते. त्यामुळे कोणत्या वर्षी गाडी जवळजवळ हललीच नाही, तेही कळते.

एवढे सगळे असूनही गंजलेल्या डिस्कपायी चांगली गाडी सोडून देणे शहाणपणाचे नाही. डिस्क ही झिजण्यासाठीच केलेली वस्तू. एका आसाच्या दोन्ही डिस्क आणि त्यांचे पॅड एकत्र बदलायचे, त्याचा खर्च आधी विचारून घ्यायचा आणि किमतीतून वळता करायचा. उलट विकण्याच्या आदल्या आठवड्यात कोऱ्या डिस्क बसवलेल्या गाडीकडे जास्त संशयाने पाहावे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलले का? खालून जाणाऱ्या धातूच्या ब्रेक पाइपांची काय अवस्था आहे? तो पाइप गंजून फुटला तर त्या सर्किटचे ब्रेकच जातात.

पिवळे कॅलिपर दिसले तर हिशेब वेगळा. पोर्शेच्या सिरॅमिक डिस्क २००१ च्या ९११ जीटी२ पासून आल्या. त्या गंजत नाहीत, वजनाला बिडाच्या निम्म्या असतात. पण त्यांच्या कडांचे टवके उडालेले नाहीत ना, हे बारकाईने पाहावे लागते, कारण नवा संच घ्यायचा तर जुन्या बॉक्स्टरच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो.

मुंबईत मीठ रस्त्यावर टाकावे लागत नाही, ते समुद्राच्या हवेतूनच येते. आणि जून ते सप्टेंबर बुटक्या स्पोर्ट्‌स कार पाण्याच्या भीतीने इमारतींच्या तळघरांत उभ्या असतात. पण एमओटीसारखी वही इथे नाही. खासगी गाडीची फिटनेस तपासणी नोंदणीला पंधरा वर्षे झाल्यावर होते, आणि पीयूसीचा संबंध फक्त धुराशी. त्यामुळे पुण्या-मुंबईत अशी गाडी घेणाऱ्याने सौदा ठरण्याआधी विकणाऱ्याकडे एकच अट घालावी: गाडी आपल्या ओळखीच्या गॅरेजच्या लिफ्टवर अर्धा तास चढवायची, चारही चाके काढून.