वाऱ्यावरच्या कयाकला लगाम

ट्रॉयहून तासाभराच्या आत लेक सेंट क्लेअरचा पश्चिम किनारा गाठता येतो. तेथून कयाक घेऊन वॉलआय किंवा पर्च पकडायला जाणाऱ्या मराठी मंडळींमध्ये गेल्या काही उन्हाळ्यांपासून मीही आहे. हे सरोवर विस्तीर्ण, पण उथळ; सरासरी खोली सुमारे ११ फूट. त्यामुळे जरा वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उसळतात आणि हलकी कयाक पानासारखी वाहू लागते. गळ तळाशी पोहोचण्याआधीच आपण पुढे गेलेले असतो.

अशा वेळी ड्रिफ्ट अँकर कामी येतो. नावात अँकर असला तरी हा नांगर तळाला लागत नाही. ते नरसाळ्याच्या आकाराचे नायलॉनचे कापड असते. पुढे मोठे तोंड, मागे लहान भोक. पाण्यात ते फुगते आणि होडीला मागे ओढून धरते. होडी थांबत नाही, तिचा वेग उतरतो. मासे पसरलेले असतात तेव्हा हवे असते तेही नेमके हेच.

माझी पहिली खरेदी चुकली. मोठा तेवढा चांगला, या हिशेबाने मी ३६ इंच व्यासाचा घेतला आणि हाताशी सोयीचे म्हणून आसनाशेजारच्या कडीला बांधला. वारा वाढताच कयाक लाटांना आडवी झाली, बांधलेली बाजू खाली दबली आणि पाणी आत आले. ओली गाठ सुटेना. सुरी जवळ होती म्हणून दोर कापता आला. गळ मात्र सरोवरात गेला.

नंतर कागद-पेन घेऊन बसलो. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते, पण त्याच वाऱ्यात वाहण्याचा वेग जेमतेम निम्म्यावर येतो. उलट लाटेने हिसका दिला किंवा तो पाण्यात असताना वल्हे मारावे लागले, तर ओढ चौपट होते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्याने लहान कापडही पुष्कळ काम करते. एकट्याच्या कयाकला १८ ते २४ इंच पुरेत. नवख्याने १८पासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकाराइतकेच महत्त्व बांधण्याच्या जागेला. दोर पुढच्या किंवा मागच्या टोकाशीच हवा, मधोमध कधीही नको. त्यासाठी कयाकच्या कडेने कप्प्यांवरून फिरणारी दोरी, म्हणजे अँकर ट्रॉली, बसवावी. बसल्या जागेवरून दोर टोकाकडे सरकवता येतो. नरसाळ्याच्या मागच्या टोकाला दुसरी बारीक दोरी असलेलाच नमुना निवडावा. ती खेचली की पाणी निघून जाते, कापड मिटते आणि ते सहज वर घेता येते. एका झटक्यात सुटणारी कडी आणि दोराला लहान तरंगता गोळा हवाच. संकटात दोर सोडून द्यावा, गोळा पाहून नंतर उचलावा.

सेंट क्लेअर किंवा डेट्रॉइट नदीत मात्र हिशेब बदलतो. तेथे पाणीच वाहत असते आणि हे कापड पाण्याबरोबर जाते. प्रवाहात ते तुम्हाला अडवत नाही, उलट त्याच्याच हवाली करते. हजार फुटी मालवाहू जहाजांच्या मार्गाजवळ हा खेळ करूच नये.

सरोवरातही पश्चिमेचा वारा फसवा असतो. किनाऱ्याच्या आडोशाला पाणी शांत दिसते आणि आपण हळूहळू कॅनडाच्या दिशेने सरकत राहतो. ताशी एक मैलाने दोन तास वाहिलात, तर दोन मैल वाऱ्याविरुद्ध वल्हवत परतायचे आहे, आणि तेही दमल्यावर. म्हणून अशा दिवशी मी घड्याळ लावून अर्ध्या तासाने वळतो. वसंतात हवा उबदार असली तरी पाणी बर्फाळ असते; कपडे पाण्याच्या तापमानाला साजेसे हवेत आणि लाइफ जॅकेट अंगात हवे, आसनामागे नव्हे.

घरी आल्यावर कापड वाळवून ठेवावे, नाहीतर बुरशी धरते. माझा दोर तुटलेला ३६ इंची नमुना त्या दिवशी सुदैवाने किनाऱ्याला लागला होता. तो अजून गॅरेजात खुंटीवर आहे. मोटारबोट असलेल्या एका मित्राने परवाच मागितला.