माळ्यावर जुना व्हॅक्यूम क्लीनर सापडला? आधी हे तपासा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून कधी कधी जुना व्हॅक्यूम क्लीनर निघतो; सोबत जाड पाइप आणि चार-पाच नोझल. भारतात १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन, प्रात्यक्षिक दाखवून हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत पोहोचवलं.

सापडला की लगेच प्लग लावू नका.

वायर: वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. शॉक बसू शकतो.

व्होल्टेज: यंत्रावरची पट्टी वाचा. अमेरिकेहून आणलेलं १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं, तर मोटर जळू शकते.

पिशवी: आतली पिशवी फाटली असेल, तर धूळ मोटरपर्यंत जाते.

ठिणग्या: मोटरमधले कार्बन ब्रश झिजले की ठिणग्या वाढतात. ते बदलता येतात.

नोझलही टाकू नका. चपटं नोझल सोफ्याच्या फटींसाठी, ब्रशचं पुस्तकांसाठी, रुंद जमिनीसाठी. अनेक जुन्या यंत्रांत पाइप मागच्या बाजूला जोडला, की त्याचा ब्लोअर होतो.

इलेक्ट्रिशियनला दाखवा, मगच ठरवा: वापरायचा की भंगारात द्यायचा.