काही महिन्यांची पाहुणी

काळी आमच्या घरी आली ती कायमची राहायला नव्हे. गाडीच्या धडकेत पाय मोडलेली, दीडेक वर्षाची गावठी कुत्री. पाय बरा झाला, पण दवाखान्यातल्या पिंजऱ्यात ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसे. ‘‘थोडे दिवस घरी ठेवा. माणसांची सवय झाली की कुणीतरी दत्तक घेईल,’’ डॉक्टर म्हणाले, आणि मी ‘हो’ म्हणून बसले.

घरात शिरताच ती वॉशिंग मशीनच्या मागे गेली. शेपूट पायांत, कान मागे. सारख्या जांभया देई, ओठ चाटी. ‘‘आई, हिला झोप आलीय,’’ लेक म्हणाली. झोप कसली! भेदरलेलं कुत्रंही अशाच जांभया देतं, हे मला पुढे कळलं.

चौथ्या दिवशी माया दाखवायच्या भरात मी हात घालून तिला बाहेर ओढू लागले. ती चावली. नळाखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुतली आणि तडक जाऊन इंजेक्शन घेतलं. काळीला रेबीजची लस दिलेली होती, तरी चालढकल केली नाही. ‘‘कुत्रं दारातच शोभतं गं,’’ सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर मात्र म्हणाले, ‘‘पळायला वाट नसलेला प्राणी चावणारच. तुम्ही तिला वाट ठेवली होती का?’’

नव्हती ठेवली. मग नियम ठरले. तो कोपरा काळीचा. तिथे कुणी हात घालायचा नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. रोज संध्याकाळी मी तिच्याकडे पाठ करून भाजी निवडत बसे. बाजूला उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दर दोन-तीन दिवसांनी तो तुकडा वीतभर माझ्याजवळ सरके. एकोणिसाव्या दिवशी तिने तो माझ्या तळहातावरून उचलला. मी श्वास रोखून मेथी निवडत राहिले!

कुकरच्या शिट्टीला ती थरथरे. म्हणून शिट्टी झाली रे झाली की खाऊ टाकायचा, असं ठरवलं. पोळीचा चतकोर टाकायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. दिवाळीत खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून त्याच जपमाळ घेऊन तिच्याशेजारी बसल्या.

चार महिन्यांनी एक कुटुंब तिला बघायला आलं. ‘‘चावल्याचं सांगायलाच हवं का?’’ यांनी हळूच विचारलं. मी सांगितलं. चहा घेऊन मंडळी गेली ती गेलीच. त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं बोलून मी तिचं घर घालवलं होतं का? पण लपवलं असतं, आणि उद्या त्यांच्या मुलाने तसाच हात घातला असता तर?

पुढच्या महिन्यात तळेगावचं एक निवृत्त जोडपं आलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, ‘‘कशामुळे चावली?’’ तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला. मग ते चार रविवार येत राहिले. चौथ्या रविवारी बाई पाठमोऱ्या बसून मटार सोलत होत्या आणि काळी त्यांच्या पदराला नाक लावून उभी होती.

जाताना तिची जुनी चादर बरोबर दिली. ओळखीचा वास सोबत असला की नवं घर कमी परकं वाटतं.

आता कोपरा रिकामा आहे. कुकरची शिट्टी झाली की सासूबाईंचा हात मात्र अजूनही पोळीच्या डब्याकडे जातो. परवा त्याच म्हणाल्या, ‘‘डॉक्टरांना विचार गं, आणखी कुणी आहे का तसं!’’