ओडेल यांनी पाहिलेले दोन ठिपके

एव्हरेस्टवर हरवलेल्या मॅलरी आणि अर्व्हिन यांना शेवटचे पाहणारा म्हणून नोएल ओडेल सर्वांना ठाऊक. मला मात्र त्यांच्यातला भूगर्भशास्त्रज्ञ भावतो. ८ जून १९२४ रोजी हा गृहस्थ एकटाच दगड तपाशीत चढत होता. जीवाश्म गवसले म्हणून हरखला, तोच ढग फाटले आणि वरच्या धारेवर दोन ठिपके सरकताना दिसले. पुन्हा ढग मिटले. घरी बायको नि मुलगा असताना सोबत्यांच्या शोधात तो फिरून वर गेला. अखेर बर्फावर दोन झोपायच्या पिशव्या इंग्रजी ‘टी’सारख्या मांडून त्याने खाली कळविले : मागमूस नाही!

दोन्ही महायुद्धांत सैनिकी सेवा, १९३६ साली टिलमनबरोबर आपली नंदादेवी सर. १९८७ साली वयाच्या ९६ व्या वर्षी निधन. जन्मभर लोक विचारीत, ते ठिपके नक्की कुठे होते? मी जीवाश्मांविषयी विचारले असते.