नव्व्याण्णव टक्के पुरेसे आहेत का?

परीक्षेत शंभरपैकी ९९ गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची आपण पाठ थोपटतो. कारखान्यातल्या स्वयंचलित जुळणीत मात्र ९९ टक्के हा काळजीचा आकडा ठरतो. असे का?

समजा, एक वस्तू ५० टप्प्यांत जुळवली जाते. प्रत्येक टप्प्यावरचे यंत्र १०० पैकी ९९ वेळा अचूक काम करते, आणि एका टप्प्यावरच्या चुकीचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग वस्तू शेवटपर्यंत निर्दोष पोचण्याची शक्यता काढण्यासाठी ०.९९ ही संख्या ५० वेळा घेऊन गुणाकार करायचा. उत्तर येते सुमारे ०.६०. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ४० वस्तू सदोष!

यातून सुटायचे दोन मार्ग याच गुणाकारात दिसतात. प्रत्येक टप्पा ९९.९ टक्के अचूक केला, तर ९५ वस्तू निर्दोष निघतात. किंवा टप्पे १० वर आणले, तर ९९ टक्क्यांतही ९० निघतात.

पहिल्या मार्गाचे उदाहरण म्हणजे 'बाऊल फीडर'. या कंप पावणाऱ्या वाडग्यात स्क्रू ओततात. वाडग्याच्या आतल्या बाजूने गोल गोल वर चढणारी अरुंद वाट असते. कंपनांमुळे स्क्रू बारीक उड्या घेत तिच्यावरून चढतात. वाटेत एक फट ठेवलेली असते. डोके वर ठेवून फटीत लोंबकळणारे स्क्रू पुढे सरकतात, बाकीचे परत वाडग्यात पडतात. चुकलेल्याला इथे कोणी सरळ करत नाही. त्याला फक्त पुढे जाऊ देत नाही. पण एखादा वाकडा स्क्रू फटीत अडकला, तर सगळे काम थांबते. म्हणून यंत्राइतकीच सुट्या भागांची प्रतही सांभाळावी लागते.

दुसरा मार्ग जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी पद्धतशीर मांडला. प्रत्येक भागाबद्दल ते तीन प्रश्न विचारतात. हा भाग शेजारच्या भागांच्या तुलनेत हलतो का? तो वेगळ्याच पदार्थाचा असणे आवश्यक आहे का? तो वेगळा नसेल तर जुळणी किंवा उकल अशक्य होईल का? तिन्हींची उत्तरे 'नाही' आली, तर तो भाग शेजारच्या भागात सामावता येईल का ते पाहायचे.

हे वर्गात करून पाहता येईल. मुलांना बटणाचे बॉलपेन सुटे करायला सांगा आणि प्रत्येक भागाला हे तीन प्रश्न विचारू द्या. स्प्रिंग का हवी, टोपणाची पट्टी वेगळी का, यावर वाद होऊ द्या. मग फळ्यावर गुणाकार मांडा. वगळलेला प्रत्येक भाग म्हणजे चुकीची एक जागा कमी, हे मुलांना आपोआप उमगेल.